टर्बोचार्जरच्या तेलवाहिनीवरील गेलेले आटे : कारणमीमांसा आणि दुरुस्ती

बीजसंज्ञा : टर्बोचार्जर, तेलवाहिनी, आटे, बँजो बोल्ट, तांब्याचे वॉशर, तारेचा आटा-अस्तर.

प्रस्तावना

टर्बोचार्जर या यंत्राची मूळ कल्पना शतकाहून अधिक जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ साली तिचे एकस्व घेतले. प्रवासी मोटारींत मात्र ती १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हर्ले कॉर्व्हेर या गाड्यांतून प्रथम आली, आणि १९७८ साली मर्सिडीज ३०० एसडी या गाडीच्या रूपाने डिझेल मोटारीपर्यंत पोहोचली. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात कॉमन रेल डिझेल गाड्यांचा प्रसार झाला आणि टर्बोचार्जर ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीतील नित्याची वस्तू बनली. १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही तयार होणारे हे इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसविले गेले. भारत स्टेज ६ मानके २०२० साली लागू झाल्यावर ते नव्या गाड्यांतून मागे पडले, तरी रस्त्यावर आजही ते मोठ्या संख्येने आहे. पंधरा-वीस वर्षे वयाच्या अशा गाड्या आता अधिकृत सेवाकेंद्रांकडून लहान गॅरेजांकडे वळल्या आहेत. साहजिकच, टर्बोचार्जर उतरविण्या-चढविण्याचे काम आता अशा ठिकाणी होते जिथे टॉर्क पाना असतोच असे नाही.

या कामात वारंवार उद्भवणारी, वरवर किरकोळ वाटणारी एक अडचण म्हणजे तेलवाहिनीच्या जोडाचे आटे जाणे. इंजिनाकडून टर्बोकडे तेल नेणारी नळी जेमतेम पेन्सिलीइतकी जाड असते. ती ज्या बोल्टने बसते त्याचा व्यास बहुधा १० वा १२ मिलिमीटर असतो. हा बोल्ट आवळताना एकाएकी हलका फिरू लागतो, आणि कारागीर म्हणतो, ‘चुडी गेली.’ येथवर सर्वांचे एकमत असते. पुढे काय करावे याविषयी मात्र गॅरेजागणिक मत बदलते. आट्यांचे काम कोणते आणि गळती थांबविण्याचे काम कोणाचे, या दोन गोष्टींची गल्लत हेच या बिघाडाचे आणि त्याच्या चुकीच्या दुरुस्तीचेही मूळ आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तेलाचे महत्त्व

टर्बोचार्जरचा दंड मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. लहान मोटारींच्या टर्बोत हा आकडा दोन लाखांच्याही पुढे जातो. दंडाच्या एका टोकाला इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर असतो. त्याचे तापमान डिझेल इंजिनात सात-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत, तर पेट्रोल इंजिनात त्याहूनही वर जाते. दुसऱ्या टोकाला आत ओढली जाणारी हवा असते. बहुसंख्य टर्बोंत हा दंड तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. दंड आणि बेअरिंग यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. तेच तेल उष्णताही वाहून नेते. हा पुरवठा काही सेकंद जरी खंडित झाला, तरी धातू धातूवर घासू लागतो.

येथे एक तपशील विशेष ध्यानात ठेवावा. इंजिनातील तेल पंपातून निघून आधी फिल्टरमधून जाते, नंतर मुख्य गॅलरीत येते आणि तेथून टर्बोकडे वळते. म्हणजे टर्बोला तेल देणारे भोक हे सामान्यतः फिल्टरच्या *पुढे* असते. या भोकात पडलेला धातूचा कण टर्बोपर्यंत जाताना त्याला अडविणारे काहीही उरलेले नसते. काही इंजिनांत, उदाहरणार्थ सुबारूच्या काही ईजे मालिकेतील टर्बो इंजिनांत वा प्यूजो-सिट्रोएनच्या १.६ लिटर एचडीआय डिझेल इंजिनात, बोल्टच्या पोटात बारीक जाळी दिलेली आढळते. पण ती जाळीच काजळीने तुंबून टर्बो तेलावाचून मरतो, असाही अनुभव जगभर आलेला आहे.

आटे का जातात

हा जोड बहुधा बँजो पद्धतीचा असतो. नळीच्या टोकाला कडे असते, त्यातून पोकळ बोल्ट आरपार जातो, आणि कड्याच्या वर व खाली एकेक तांब्याचे वॉशर असते. (गॅरेजात याला ‘वायसर’ म्हणतात.) तेल बोल्टच्या पोकळीतून वर येते, त्याच्या आडव्या छिद्रातून कड्यात शिरते आणि नळीने पुढे जाते. या रचनेत तेल अडविण्याचे काम आटे करीतच नाहीत. ते काम दोन वॉशरांचे आहे. आट्यांचे काम एवढेच, की बोल्टने वॉशरांवर पुरेसा दाब धरून ठेवावा.

‘पुरेसा’ म्हणजे किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. तेलाचा दाब ५ बार, म्हणजे प्रतिचौरस मिलिमीटर अर्धा न्यूटन मानू. वॉशरचा बाह्य व्यास १४ मिलिमीटर धरला तर त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस मिलिमीटर होते. म्हणजे तेल हा जोड उचलू पाहते तो जोर जास्तीत जास्त ७७ न्यूटन, जवळजवळ ८ किलो वजनाइतका. आता बोल्टचा जोर पाहू. आवळण्याचा पीळ, बोल्टचा व्यास आणि घर्षणाचा गुणांक (साधारणतः ०.२) यांवरून १० मिलिमीटरचा बोल्ट २० न्यूटन-मीटरने आवळला असता तो सुमारे १०,००० न्यूटन, म्हणजे एक टनाच्या आसपास जोर लावतो. तेलाच्या जोरापेक्षा हा शंभरपटीहून अधिक आहे. असे असूनही जोड पाझरत असेल, तर आवळणे कमी पडले हे त्याचे कारण असणे जवळजवळ अशक्य आहे. कारण वॉशरमध्ये किंवा ते ज्या पृष्ठावर बसते त्यामध्ये शोधले पाहिजे.

प्रत्यक्षात घडते ते असे. जुनेच वॉशर परत बसविले जाते. एकदा दाबले गेलेले तांबे कठीण होते आणि पृष्ठावरील सूक्ष्म ओरखड्यांत पुन्हा भरत नाही. जोड किंचित ओला दिसतो. कारागीर पाव फेरा अधिक देतो. पुढच्या खेपेस आणखी पाव. पीळ ४० न्यूटन-मीटरपर्यंत गेला की बोल्टवरील ताण २०,००० न्यूटन होतो. आट्यांना तेल लागलेले असेल तर घर्षण कमी झाल्याने तो याहूनही वाढतो. शिवाय हा भार सर्व आट्यांवर समान वाटला जात नाही. पहिले दोन-तीन आटेच त्याचा मोठा हिस्सा उचलतात. बोल्ट पोलादाचा आणि भोक ॲल्युमिनियमच्या ओतीव भागात असेल, तर हार कोणाची होणार हे उघड आहे. इंजिन गरम असताना हे काम केले तर धोका वाढतो, कारण तापमानाबरोबर ॲल्युमिनियमची मजबुती पोलादापेक्षा लवकर घटते. बोल्ट सोडतानाही हानी होते. टर्बोजवळच्या उष्णतेने आट्यांत तेल जळून त्याची काजळी घट्ट बसलेली असते, आणि बोल्ट बाहेर येताना ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊनच येतो.

थोडक्यात, दोन-चार रुपयांचे वॉशर न बदलल्याची किंमत सिलिंडर हेड चुकवते. नवे वॉशर मिळणे अगदीच अशक्य असेल, तर जुने तांबे लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करता येते. पोलादासारखे तांबे पाण्यात बुडविल्याने कठीण होत नाही, त्यामुळे ते कसेही थंड केले तरी चालते. डिझेल पंपाची कामे करणारे जुने कारागीर ही युक्ती सर्रास वापरीत.

आट्यांच्या मापांतील घोटाळा

आटे जाण्याचे आणखी एक कारण इतिहासातून आलेले आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण मांडले, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांचे. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे. नळ्यांच्या जोडांत मात्र जुनी ब्रिटिश व अमेरिकी मापे टिकून राहिली. तेलाच्या दाबाचा स्विच जपानी वळणाच्या इंजिनांत बहुधा ब्रिटिश पद्धतीच्या पाव इंचाच्या निम्म्या, म्हणजे अष्टमांश इंच पाइप आट्यांचा असतो. त्याचा बाह्य व्यास ९.७३ मिलिमीटर आणि दर इंचात २८ आटे. अमेरिकी अष्टमांश इंच पाइप आट्यांचा व्यास १०.२९ मिलिमीटर आणि दर इंचात २७ आटे. मेट्रिक एम १० बारीक आट्यांचा व्यास १० मिलिमीटर आणि अंतर १ मिलिमीटर, म्हणजे दर इंचात २५.४ आटे. डोळ्यांना ही तिन्ही सारखीच दिसतात. एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे जातेही, मग अडते. तेथे पाना लावून जोर करणारा कारागीर भोकाचे आटे स्वतःच कापत असतो. आटे मोजण्याची पट्टी ही काही महागडी वस्तू नव्हे. ती नसेल तर मूळ बोल्टचे आटे नव्या बोल्टच्या आट्यांत उजेडासमोर बसवून पाहिले, तरी फरक कळतो.

निमुळत्या पाइप आट्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांत आटेच सील करतात, म्हणून तेथे सीलंट लागते. हीच सवय बँजो बोल्टवर आणली की टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली जाते. तिचा तेथे काहीच उपयोग नाही, आणि तिचे तुकडे तेलाबरोबर टर्बोच्या बारीक मार्गात जाऊन अडकतात ते वेगळेच.

तपासणी आणि पर्यायांची निवड

बोल्ट बाहेर काढल्यावर प्रथम त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचे वेटोळे अडकले आहे काय ते पाहावे. असल्यास भोकाचे आटे गेले असे निश्चित समजावे. केवळ तोंडाजवळचे एक-दोन आटे दबले असतील आणि खालचे शाबूत असतील, तर योग्य मापाचा टॅप हाताने हळुवार फिरवून ते सरळ करता येतात, अस्तराची गरज पडत नाही. भोक खोल असेल तर थोडा लांब बोल्ट वापरण्याचा मोह होतो. तो सावधपणे आवरावा. लांब बोल्टचे आडवे छिद्र कड्याच्या खोबणीसमोर येईलच असे नाही, आणि त्याचे टोक आत येणाऱ्या गॅलरीचे तोंड झाकू शकते. मग जोड कोरडा दिसतो, पण टर्बोही कोरडाच राहतो. त्याचप्रमाणे, मूळ बोल्टमध्ये प्रवाह आवरणारे बारीक छिद्र असेल, तर बदली बोल्टमध्येही ते तेवढेच असले पाहिजे. टर्बोच्या दंडावरील सील पिस्टन रिंगसारखी असतात. जादा तेल परतीच्या वाटेने वेळेत निथळले नाही, तर ते सीलांवरून ओलांडून धुरात जाते.

इपॉक्सीने भोक भरून त्यात आटे पाडणे हा उपाय प्रस्तुत लेखकाच्या मते येथे वर्ज्यच मानावा. उष्णता, तेल आणि कंप या तिन्हींना तो एकाच वेळी तोंड देऊ शकत नाही, आणि सुटलेला तुकडा कोठे जाईल हे वर सांगितलेच आहे. वेल्डिंगने भोक भरणे तत्त्वतः शक्य आहे. परंतु तेल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये वेल्ड स्वच्छ लागत नाही आणि उष्णतेने जवळचे पृष्ठ वाकते. आटे ऑइल फिल्टरच्या हाउसिंगसारख्या सुट्या भागात असतील, तर जुन्या बाजारातून तो भागच आणणे पुष्कळदा स्वस्त आणि शहाणपणाचे ठरते. टर्बोच्या स्वतःच्या मधल्या भागातील आटे सहसा जात नाहीत, कारण तो बिडाचा असतो. तेथे काम करावेच लागले, तर टर्बो पूर्ण सुटा केल्याशिवाय ड्रिल लावू नये.

उरतात दोन भरवशाचे पर्याय : तारेचे अस्तर आणि भरीव बुश. तारेचे अस्तर म्हणजे चौकोनी छेदाच्या स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तिला व्यापारी नावावरून सर्वत्र ‘हेलिकॉइल’ म्हटले जाते. भोक मोठे करून त्यात विशेष टॅपने आटे पाडतात आणि ही स्प्रिंग त्यात फिरवून बसवितात. आतून पुन्हा मूळ मापाचेच आटे मिळतात. एम १० × १.० साठी ड्रिल सुमारे १०.३ मिलिमीटरचे लागते, आणि नव्या आट्यांचा बाह्य व्यास सुमारे ११.३ मिलिमीटर होतो. ॲल्युमिनियमवरील पकड आता १० ऐवजी ११.३ मिलिमीटर व्यासावर येते. म्हणून नीट बसविलेले अस्तर मूळ आट्यांपेक्षा मजबूतच असते. भाराच्या दृष्टीने ही दुरुस्ती तडजोड नव्हे.

सीलच्या दृष्टीने मात्र येथे एक अडचण आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. खालचे वॉशर भोकाभोवतीच्या सपाट कड्यावर बसते. १० × १४ मिलिमीटरच्या वॉशरला पूर्वी सुमारे ७५ चौरस मिलिमीटर आधार होता. भोकाचे तोंड ११.३ मिलिमीटर झाल्यावर तो सुमारे ५४ उरतो, म्हणजे २९ टक्क्यांनी घटतो. तोंडाला नेहमीसारखी सैल कड मारली तर आणखीच. म्हणून येथे कड अगदी नाममात्र मारावी. बँजोच्या कड्याचे पृष्ठ पुरेसे रुंद असेल तर १६ मिलिमीटर बाह्य व्यासाचे वॉशर घ्यावे. त्याला अस्तरानंतरही सुमारे १०० चौरस मिलिमीटर आधार मिळतो. रबर जोडलेले वॉशर थंड बाजूस चालते, पण टर्बोच्या टोकाला साध्या नायट्राइल रबराचा निभाव लागत नाही. तेथे तांबेच बरे.

प्रत्यक्ष कृती

भाग सुटा होत असेल तर तो सुटा करून ड्रिल मशीनवरच काम करावे. हाताने धरलेले ड्रिल एक-दोन अंशांनी जरी कलले, तरी बोल्टचे डोके वॉशरवर एका बाजूने टेकते, आणि गळती पूर्ववत सुरू होते. इंजिनावरच काम करणे भाग असेल, तर सपाट ठोकळ्यात काटकोनात भोक पाडून तो मार्गदर्शक म्हणून पृष्ठावर दाबून धरावा. ॲल्युमिनियमला केरोसीन हे उत्तम कापण्याचे तेल आहे. ड्रिलच्या आणि टॅपच्या खोबणीत घट्ट ग्रीस भरावे, म्हणजे कीस त्यात चिकटून येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसणे, ही शिस्त येथे मोडू नये. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, हे नवशिक्यांना मुद्दाम सांगावे लागते. दाबाची हवा भोकात मारणे टाळावे. ती कीस गॅलरीत आणखी खोल ढकलते.

अस्तर पृष्ठाच्या पाऊण ते एक आटा खाली राहील इतके आत फिरवावे. ते वर आले तर वॉशर त्याच्यावर टेकते. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला फिरविण्यासाठी आडवी जीभ असते. ती शेवटी तोडून टाकावी लागते, कारण ती तेलाच्या वाटेत येते. तुटलेली जीभ चिमट्यात धरून बाहेर काढली आणि हातात मोजून पाहिली, याची खातरी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. जीभ नसलेली अस्तरेही मिळतात. तेलाच्या भोकासाठी तीच अधिक योग्य होत. वॉशरचे पृष्ठ ओरखडलेले असेल तर ते बारीक तेलदगडाने सपाट करावे. पॉलिशपेपर वापरू नये, कारण त्याचे कण बेअरिंगचे शत्रू आहेत.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि हे काम टर्बोला तारणार की मारणार हे तीच ठरवते. तेलाची नळी न जोडता, भोकासमोर स्वच्छ डबा धरून, इंधनपुरवठा बंद ठेवून इंजिन केवळ स्टार्टरवर फिरवावे. हे भोक गॅलरीचे बाहेर पडण्याचे तोंड असल्याने तेल जोराने बाहेर येते आणि राहिलेला कीस आत जाण्याऐवजी बाहेर धुऊन निघतो. डब्यातील तेल पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे. चमकणारे कण दिसेनासे होईपर्यंत हे दोन-तीनदा करावे. स्टार्टरला मध्ये विश्रांती द्यावी. सांडलेले तेल धुराच्या नळकांड्यावर राहू देऊ नये. ते पुढे पेट घेऊ शकते, आणि या जोडाची गळती म्हणजे केवळ तेलाचा नाश नव्हे, त्याचेही कारण हेच आहे.

मग टर्बोच्या तोंडात थोडे स्वच्छ तेल ओतून दंड हाताने फिरवावा, नवी वॉशरे घालून बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जातो का ते पाहावे आणि निर्मात्याच्या पुस्तिकेतील मूल्यानुसार टॉर्क पान्याने आवळावे. तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन पुन्हा स्टार्टरवरच फिरवावे, नंतर सुरू करून काही मिनिटे संथ चालवावे. गरम झाल्यावर जोड कोरडा कागद लावून तपासावा. ओल आढळली तर इंजिन थंड होऊ द्यावे, वॉशर आणि पृष्ठ पाहावे. पाव फेरा अधिक देऊ नये. गाडी मालकाच्या हवाली करताना बिलावर अस्तर कोणत्या मापाचे बसविले, वॉशर कोणत्या मापाचे घातले आणि किती पीळ दिला, या तीन गोष्टी लिहाव्यात. पुढचा कारागीर दुसराच कोणी असण्याची शक्यता मोठी असते, आणि स्टेनलेसची चमक पाहून ते आटे खराब झाले आहेत असे समजून त्याने पुन्हा टॅप मारल्याची उदाहरणे गॅरेजांत ऐकावयास मिळतात.